कमी करा म्हणणारे साहेब

साहेबांनी भर बैठकीत उभं राहून आमच्याच केंद्राची तरतूद कमी करा असं सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या मागच्या रांगेत मांडीवर फायली घेऊन बसले होते. सरकारी बैठकीत कोणी कमी मागितल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही ऐकलं नाही. आधी वाटलं, साहेबांची जीभ घसरली. मग त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. माझ्या मांडीवरच्या फायली खाली पडल्या आणि त्या उचलायचं मला सुचलं नाही.

केंद्राचं नाव सांगत नाही. ते आता नाहीच. आदिलाबाद शहरात एका जुन्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर आमचं काम चाले. नोकरी नसलेल्या मुलामुलींची नावं नोंदवायची, त्यांना काहीतरी शिकवायचं, कुठेतरी लावून द्यायचं, आणि या कामावर पुढच्या साली सरकारने किती खर्च करावा ते दरवर्षी वर लिहून पाठवायचं. शिकवण्याचे वर्ग बाहेरची एक संस्था ठेक्याने चालवी. मी तिथे कंत्राटी ऑपरेटर होते. साहेब केंद्राचे प्रमुख. चार पिढ्यांपासून इथेच मुरलेलं मराठी घर त्यांचं, आमच्यासारखंच, त्यामुळे माझ्याशी ते घरच्या बोलीत बोलत. चिडले की मात्र तेलुगूत शिरत, आणि कागदपत्रांची गोष्ट निघाली की त्यांच्या आजोबांच्या काळातली उर्दू तोंडात येई. फाईलला ते मिसल म्हणत आणि तपासणीला मुआयना. नवीन आलेल्या तेलुगू कारकुनाला पहिले दोन महिने ते काय मागतात तेच कळत नसे.

बेकार हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. मी रुजू झाले त्या दिवशी माझ्या तोंडून गेला. त्यांनी हातातलं काम ठेवलं, माझ्या टेबलाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "इथं बेकार कोनी नाई, बाई. सारे तयार माणसं हायेत. बोलावणं आलं नाई, एवढंच." त्या दिवसापासून आमच्या केंद्रात रांगेत उभ्या असलेल्यांना आम्ही सगळे 'तयार माणसं' म्हणू लागलो. शिपाईसुद्धा बाहेर जाऊन ओरडे, तयार माणसांनो, आधार कार्डाची झेरॉक्स काढून ठेवा.

समोरचा माणूस उभा असेल तर साहेब बसत नसत. रांग तर सकाळी दहापासून. म्हणून दुपारपर्यंत ते उभेच. शेवटी त्यांनी बंद पडलेल्या एका टॉकीजच्या खुर्च्यांची एक अख्खी रांग मिळवली आणि व्हरांड्यात ठोकून घेतली. माणूस उठला की ती खुर्ची धाडकन मिटे. दिवसभर तो आवाज. वरच्या मजल्यावरच्या दफ्तराने तक्रार केली, तेव्हा साहेबांनी उत्तर दिलं की आवाज आला म्हणजे एकाचं काम झालं असं समजावं.

त्यांची सगळ्यात छळणारी सवय वाचण्याची होती. कुठलाही कागद मोठ्याने वाचल्याशिवाय ते सही करत नसत. चहावाल्याची पावतीसुद्धा. माझा रजेचा अर्ज त्यांनी सगळ्यांसमोर वाचला आणि मान वर करून विचारलं, "पोट दुखून राह्यलं म्हून रजा. कोन्या बाजूनं दुखते?" मी लाजून अर्धमेली झाले. पोट दुखत नव्हतंच, मावसबहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. तेही मी मग सांगून टाकलं. त्यांनी अर्जातलं पोट खोडलं, वर पाहुणे लिहिलं आणि सही केली.

पुढच्या सालचा प्रस्ताव लिहायची वेळ आली की साहेब आठवडाभर जागेवर नसत. ते बाजारात हिंडत. वायरिंगवाले, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे, ट्रॅक्टरचे गॅरेज, फ्रीजवाले, प्रत्येकाला एकच प्रश्न, तुमच्याकडं कोणत्या कामाला माणूस मिळत नाही. मिळालेली उत्तरं ते प्रस्तावात लिहीत. वरून येणारा तक्ता छापील असे. त्यात शिवणकाम, ब्युटी पार्लर, कॉम्प्युटर आणि दुकानातली विक्री एवढेच रकाने. साहेब खाली हाताने लिहीत, मोटार वायंडिंग. वरून ते कापून परत येई. पुढच्या साली साहेब पुन्हा लिहीत. मी एकदा वैतागून विचारलं की कशाला दरवर्षी तेच. ते त्या कापलेल्या ओळीकडे कौतुकाने पाहत म्हणाले, "यंदा लाल शाईनं काटलं. मागल्या साली पेन्सिलीनं काटलं होतं. म्हंजे वाचून राह्यले."

शिवणाच्या वर्गातल्या एका बाईंची गोष्ट तर मला अजून आठवते. तिसऱ्यांदा त्याच वर्गाला आल्या होत्या. साहेबांनी ओळखलं आणि तिसऱ्यांदा काय शिकणार म्हणून विचारलं. बाई खाली पाहून म्हणाल्या की घरी मशीन नाही. वर्गात तीन महिने मशीनवर बसता येतं, गावातल्या बायकांचे ब्लाऊज होऊन जातात. साहेब हसले नाहीत. त्यांनी प्रस्तावात लिहिलं की आमच्याकडे शिकवून झालं, आता मशिनी द्या. वरून उत्तर आलं की मशिनी देण्याचं हेडच, म्हणजे खर्चाचं खातंच, नाही. सरकारी खर्चात हेड नसलं की गोष्टच नसते. त्याच साली शिवणाचा आणखी एक वर्ग मंजूर झाला.

आता मी ज्या यादीमुळे हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

वर्ग झालेल्यांपैकी किती जण नोकरीला लागले, त्यांची नावानिशी यादी प्रस्तावासोबत जोडावी लागे. यादी लांब असली की पुढच्या सालची तरतूद वाढे. आखूड असली की कापली जाई, आणि पहिली कुऱ्हाड आम्हा कंत्राटी लोकांवर. नावं ठेकेदार संस्था देई. मी ती टाईप करी. त्या साली संस्थेने नावं शेवटच्या दिवशी दिली. संध्याकाळी पाचला यादी वर पाठवायची साईट बंद होणार होती. चार वाजता मी छापील यादी साहेबांसमोर ठेवली आणि त्यांनी नेहमीसारखं वाचायला घेतलं. नाव, गाव, काम, ठिकाण. नाव, गाव, काम, ठिकाण. साडेचार झाले तरी तिसरंच पान.

मी म्हटलं, "साहेब, आज नाई गेलं तं पुढच्या सालची तरतूद जाते. मंग आमी कोठं जाव?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तू पाह्यलं काय सारं?"

"हाव साहेब. पाह्यलं."

मी काहीही पाहिलं नव्हतं. पानांचे क्रमांक तेवढे पाहिले होते. त्यांनी उरलेली पानं न वाचता सही केली. इतक्या वर्षांत त्यांनी न वाचता केलेली सही मी तरी तेवढीच पाहिली.

यादी गेली, आणि मग साहेबांचा दुसरा वार्षिक उद्योग सुरू झाला. नोकरी लागलेल्यांपैकी काहींच्या घरी ते पेढे घेऊन जात. स्वतःच्या खर्चाने, रविवारी, बसने. घरच्यांना सांगत की तुमच्या पोरीने नाव काढलं. केंद्रातले लोक याला हसत. त्या रविवारी तलमडुगु गावाला जायचं होतं आणि मुलीच्या घरी जायचं तर बाई माणूस सोबत बरं म्हणून त्यांनी मला बोलावलं. मीही गेले. मला तेवढीच सहल.

कापूस वेचून झालेला होता. रानात कापसाच्या झाडांची नुसती वाळलेली पळाटी उभी होती. गावाच्या कडेला घर सापडलं. अंगणात एक बाई ज्वारी पाखडत होत्या. साहेबांनी चपला बाहेर काढल्या, पेढ्यांचा डबा दोन्ही हातांत धरला आणि मुलीचं नाव घेऊन म्हणाले की तिची आईच ना तुम्ही, अभिनंदन करायला आलो, निजामाबादेत कपड्याच्या दुकानात लागली ना ती.

बाई सूप तसंच धरून राहिल्या. म्हणाल्या, "कोन?"

साहेबांनी नाव पुन्हा घेतलं.

"ते तं गेली, साहेब. श्रावणात. ताप आला न गेली."

मी बरोबर ऐकलं असं मला वाटेना. वर्ग सुरू झाला होता दसऱ्यानंतर. त्या मुलीच्या हजेरीच्या नोंदी मी स्वतः भरल्या होत्या, तीन महिन्यांच्या, संस्थेच्या कागदावरून. एक दिवससुद्धा गैरहजेरी नव्हती. साहेबांनी हळूहळू विचारलं तेव्हा कळलं की उन्हाळ्यात गावात नावनोंदणीचा कॅम्प झाला होता. मुलगी हौसेने गेली, फोटो दिला, आधारची झेरॉक्स दिली. बोलावणं येईल म्हणून वाट पाहत होती. बोलावणं आलं नाही, श्रावण आला. तिचे कागद मात्र संस्थेच्या कपाटात होते आणि संस्थेला वर्ग भरलेला दाखवायला नावं हवी होती.

साहेबांच्या पिशवीत यादीची प्रत होती. बाईंनी विचारलं, "कागदात हाये काय ते?" साहेबांनी पिशवी जवळ ओढली. "दाखवा नं." त्यांनी पान काढून दिलं. बाईंना वाचता येत नव्हतं. नाव कुठे आहे ते त्यांनी विचारलं आणि साहेबांनी दाखवलेल्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, वाचा. साहेबांनी वाचलं. नाव, गाव, काम, ठिकाण. आवाज नेहमीचाच होता, पण मधेच थांबत होता.

"निजामाबादले," बाई म्हणाल्या. "लय दूर नाई." बराच वेळ त्यांनी बोट काढलं नाही. मग म्हणाल्या, "राहू द्या मंग. काटू नका."

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. पेढ्यांचा डबा साहेबांच्या मांडीवर होता. तो तिथे ठेवणं शक्य नव्हतं आणि परत आणणंही बरं दिसत नव्हतं. आदिलाबाद आलं. उतरताना मी घाबरत म्हटलं की संस्थेला सांगून ते एक नाव गुपचूप बदलून घेऊ, वर दुरुस्ती पाठवता येते. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. मला वाटलं, ठीक, पटलं.

पुढच्या चार दिवसांत साहेब यादीतल्या आणखी काही घरी एकटेच जाऊन आले. कुणी घरीच बसलेलं होतं, कुणी लग्न होऊन गेलेली, कुणाला आपण काही शिकलो हेच माहीत नव्हतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते बैठकीत कळलं.

बैठक जिल्ह्याची होती. हैदराबादहून एक मोठे अधिकारी आले होते. आमच्या केंद्राची यादी सगळ्यात लांब, म्हणून नमुना म्हणून आमचंच नाव पुकारलं गेलं. अधिकारी तेलुगूत म्हणाले की अशा केंद्राला पुढच्या साली भरघोस वाढ द्यायला हवी, आणि साहेबांना उभं राहायला सांगितलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. माझं कंत्राट पक्कं झालं, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "तग्गिंचंडि सार." कमी करा, साहेब.

कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यांना वाटलं, नम्रतेने बोलतायत. साहेबांनी पुन्हा म्हटलं, मग यादी उघडली आणि त्या मुलीची ओळ वाचली. वाचून झाल्यावर सांगितलं की ही मुलगी वर्ग सुरू व्हायच्या आधीच वारली आहे. मी तिच्या आईला भेटून आलो. बाकीच्या घरांपैकी जमेल तेवढ्या घरी गेलो, तिथेही यादी खोटी निघाली. खाली सही माझी आहे. प्रत्येक घरी कोणी जाऊन येईपर्यंत आम्हाला नवीन काही देऊ नका, आणि दिलंय ते परत घ्या.

अधिकाऱ्यांनी विचारलं की तुमची तब्येत बरी आहे ना. एकाने पाण्याचा ग्लास पुढे केला. साहेबांनी तो घेतला, सगळं पाणी प्यायले, आणि बसले. संस्थेचा माणूस तिसऱ्या रांगेत होता. तो उठून बाहेर गेला आणि त्याला कुणी अडवलं नाही. याचाही मला तितकाच धक्का बसला.

मला त्या मुलीचं वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला फक्त माझं वाटलं. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले की चल, चहा घेऊ. मी त्यांच्याकडे पाठ फिरवून रिक्षात बसले.

चौकशी झाली. मला बोलावतील म्हणून मी आठवडाभर नीट जेवले नाही. यादी कुणी तयार केली, कुणी तपासली, असं साहेबांना विचारलं गेलं. तिथल्या कारकुनाने नंतर मला सांगितलं की साहेब एवढंच म्हणाले, मी वाचल्याशिवाय सही करत नाही, कुणालाही विचारा. सगळ्यांनी हो म्हटलं. त्यांच्या त्या सवयीची साक्ष त्यांच्याच विरुद्ध लागली. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना त्यांना दूरच्या जागी टाकलं आणि निरोप समारंभही झाला नाही. संस्थेचा ठेका गेला. ती दुसऱ्या नावाने दुसरीकडे चालते असं पुढे ऐकलं, खरं-खोटं माहीत नाही. आमच्या केंद्राची तरतूद पुढच्या साली शून्य आली. साहेबांनी कमी करा म्हटलं होतं. वरच्यांनी तो रकानाच पुसून टाकला. आम्ही सगळे कंत्राटी घरी बसलो, आणि शिवणाच्या मशिनी कुठे गेल्या ते कळलं नाही.

वर्षभर मी साहेबांवर दात खाऊन होते. घरात त्यांचं नाव काढू देत नव्हते. एका खोट्या ओळीसाठी त्यांनी आमच्या सगळ्यांची घरं उघड्यावर आणली, असं मी आमच्या मावला वस्तीतल्या शेजारणींना सांगत सुटायचे. मग एका शाळेत कारकुनाची नोकरी मिळाली आणि राग जरा खाली बसला.

साहेब मला भेटले ते बस स्टँडवर. दाढी वाढलेली, हातात भाजीची पिशवी. मीच समोर गेले. मनात साठलेलं होतं ते बाहेर पडलं. मी म्हटलं, "मले आधी सांगाचं होतं, साहेब. मी दुसरं काई तरी पाह्यलं असतं."

"सांगितलं असतं तं तू रडली असती," ते म्हणाले. "न तू रडली असती तं मी चूप बसलो असतो."

त्यांनी विचारलं, आता कुठे आहेस, पगार वेळेवर देतात का. मी सांगितलं. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. मग ते म्हणाले की नाव काढून टाकलं हे सांगायला ते तलमडुगुला गेले होते. बाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळच्या बसपर्यंत ते ओट्यावर बसून राहिले आणि परत आले.

बस लागली तेव्हा पायरीवर पाय ठेवून ते वळले. "तुयं नाव मी कोठंच घेतलं नाई. पण त्या माऊलीले तूच जाऊन सांगजो."

तेव्हा मला कळलं की मी सारं पाहिलं म्हणून खोटं बोलले होते, ते त्यांना तलमडुगुच्या त्या रविवारपासूनच ठाऊक होतं. चौकशीत किंवा आत्ताच्या भेटीत त्यांनी ते माझ्या अंगावर फेकलं नव्हतं.

मी लगेच गेले नाही. दोन रविवार टाळले. तिसऱ्या रविवारी तलमडुगुला उतरले. बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. त्या साहेबाबरोबर आलती ती पोरगी, म्हणाल्या. मी खाली जमिनीवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं की ते नाव मी टाईप केलं होतं, हजेरीसुद्धा मीच भरली होती, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा सगळं पाहिलं असं खोटं मीच सांगितलं होतं. त्यांनी मला हाकलून द्यावं अशी माझी तयारी होती. खरं तर तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

बाई माझ्याकडे वळल्या.

"नीट लिवलं होतं काय?" त्यांनी विचारलं. "शाळेत गुरुजी सदा चुकीचं लिवत तिचं नाव. घरी येऊन रडे."

"नीट लिवलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि मला सरकून सावलीत बसायला सांगितलं.